कृत्रिम पाय : आगम की आदेश?

समीक्षेच्या परिभाषेतील काही संज्ञा मूळ वस्तूपासून इतक्या दूर गेलेल्या असतात, की ती वस्तू पुन्हा समोर आणून ठेवली असता तीच उपमान वाटू लागते. ‘प्रॉस्थेसिस’ ही अशी एक संज्ञा आहे. गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य साहित्यसिद्धान्तात तिला जे स्थान मिळाले, ते वैद्यकाच्या वाटेने मिळालेले नाही. देरिदाने १९६७ मध्ये ‘पूरका’ची जी मीमांसा केली, तिच्यानुसार पूरक हे पूर्ण वस्तूला बाहेरून जोडले जाते आणि जोडले जाताच त्या वस्तूतील मूळची उणीव उघड करते. कृत्रिम अवयव हे या विचाराचे आयते उदाहरण ठरले. डेव्हिड विल्स याने ‘प्रॉस्थेसिस’ (१९९५) या ग्रंथात आपल्या वडिलांच्या लाकडी पायापासून आरंभ करून लेखन, भाषांतर, चित्र आणि चित्रपट या सर्वांना त्या संज्ञेच्या कक्षेत आणले. पुढे डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर यांनी ‘नॅरेटिव्ह प्रॉस्थेसिस’ (२०००) या ग्रंथात असे दाखविले, की कथन हेच अपंगत्वाचा टेकू घेऊन चालते. व्यंग असलेले पात्र कथेला गती देते, तिला अर्थाचे वजन देते, आणि काम झाल्यावर बरे करून किंवा मारून बाजूला सारले जाते.

या सिद्धान्तनाला एक आक्षेप आतूनच आला. स्वतः कृत्रिम पाय वापरणाऱ्या व्हिव्हियन सॉबचॅक या चित्रपटमीमांसक विदुषीने विचारले, की या सगळ्या चर्चेत पाय कोठे आहे? तो कशाचा बनला आहे, त्याची किंमत किती, तो घालून जिना कसा चढतात? रूपकाला तिचा विरोध नाही. रूपक करताना उपमेय आणि उपमान यांच्यात जे अंतर राखावे लागते, ते येथे राखले जात नाही, एवढीच तिची तक्रार आहे. ती योग्य आहे. परंतु ती केवळ तक्रार म्हणून राहिली तर साहित्यकृतीच्या वाचनाला तिचा उपयोग मर्यादितच होईल. साहित्यकृतीत लाकडी पाय येतो तो शब्दांतून येतो, आणि शब्द रूपक होण्यापासून कोणी रोखू शकत नाही. प्रश्न असा, की रूपक होऊनही पायाचे पायपण ज्यात शिल्लक राहते असे वाचन कसे करावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या संज्ञेचा इतिहासच मदतीला येतो. इंग्रजीत ‘प्रॉस्थेसिस’ हा शब्द सोळाव्या शतकात आला तो व्याकरणाचा शब्द म्हणून. शब्दाच्या आरंभी अक्षर वाढविणे, एवढाच त्याचा अर्थ होता. शरीराशी त्याचा संबंध अठराव्या शतकात जडला. संस्कृत ‘स्त्री’चे प्राकृतात ‘इत्थी’ होताना किंवा ‘स्टेशन’चे खेड्यातल्या मराठीत ‘इस्टेशन’ होताना जो ‘इ’कार पुढे येऊन बसतो, तो या मूळ अर्थाने प्रॉस्थेसिसच होय. येथे कोणत्याही अक्षराची हानी झालेली नाही. उच्चार सुकर व्हावा म्हणून एक वर्ण येऊन मिळाला आहे.

संस्कृत व्याकरणाने या क्षेत्रात याहून सूक्ष्म भेद केला आहे. ‘वृक्ष’ आणि ‘छाया’ यांच्या समासात ‘वृक्षच्छाया’ असे रूप होताना जो ‘च्’ मध्ये येतो तो आगम. तो कोणाला हुसकावून लावत नाही. ‘अस्’ या धातूच्या जागी विशिष्ट प्रत्ययांपूर्वी ‘भू’ येतो तो आदेश. तो दुसऱ्याची जागा घेतो. आगम मित्रासारखा, आदेश शत्रूसारखा, असे पाठशाळांतून सांगितले जाते. आणि या आदेशासंबंधी पाणिनीने एक विलक्षण नियम केला आहे. आदेश हा ज्याच्या जागी आला त्या स्थानीसारखाच मानावा. स्थानीला जी कार्ये होत होती ती त्यालाही व्हावीत. मात्र जी कार्ये स्थानीच्या वर्णांवर, म्हणजे त्याच्या ध्वनिद्रव्यावर अवलंबून आहेत, त्यांच्या बाबतीत तसे मानू नये. ‘भू’ला धातूचे अधिकार मिळतात, ‘अस्’चे वर्ण मिळत नाहीत.

कृत्रिम पायाची याहून नेमकी व्याख्या आधुनिक सिद्धान्तनात सापडणे कठीण आहे. तो पायाचे कार्य घेतो, पायाचे द्रव्य घेत नाही. कार्य आणि द्रव्य यांच्यातील या फटीतच त्याचे सगळे नाट्य घडते. ज्या लेखकांनी ही फट पाहिली त्यांच्याकडे लाकडी पाय हा कथेचा टेकू राहत नाही. तो कथेलाच काही प्रश्न विचारतो. हा पाय कोणी केला? त्याचे पैसे कोणी दिले? आणि तो काढण्याचा अधिकार कोणाचा? पुढील तीन संहितांचे वाचन या तीन प्रश्नांच्या आधारे करता येईल.

२

मेल्व्हिलच्या ‘मोबी-डिक’ (१८५१) मधील कप्तान एहॅब हा पाश्चात्त्य साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध एकपायी पुरुष. ‘कथन अपंगत्वावर टेकते’ या सिद्धान्ताला त्याच्याइतके सोयीचे उदाहरण नाही: पाय गेला म्हणून सूड, सूड म्हणून सफर, सफर म्हणून कादंबरी. त्याचा पाय देवमाशाच्या जबड्याच्या हाडाचा आहे, म्हणजे ज्या जातीच्या प्राण्याने पाय नेला त्याच जातीच्या देहाचा आहे. येथे आदेश अक्षरशः शत्रूच्या द्रव्याचा बनलेला आहे. समीक्षा या प्रतीकापाशी बहुधा थांबते.

मेल्व्हिल मात्र तेथे थांबत नाही. जहाजाच्या डेकवर दोन्ही बाजूंना गिरमिटाने पाडलेली भोके आहेत; त्यांत हाडाचे टोक रोवून एहॅब उभा राहतो. ही भोके प्रतीक नव्हेत, सोय आहे. हलत्या जहाजावर गुळगुळीत हाडाचा पाय घसरतो, म्हणून फळीलाच पायाजोगे करून घ्यावे लागले. शंभराव्या प्रकरणानंतर तर कादंबरी या पायाच्या देखभालीकडेच वळते. सफरीपूर्वी नँटकेटमध्ये एका रात्री हा पाय निखळून एहॅबच्या जांघेत मेखेसारखा घुसला होता, ही दडपलेली गोष्ट वाचकाला आता कळते. दुसऱ्या जहाजावरून परतताना त्याला तडा जातो आणि जहाजाच्या सुताराला रातोरात नवा पाय करावा लागतो.

सुतार आणि एहॅब यांचा तो संवाद या कादंबरीच्या केंद्रस्थानी ठेवावा अशा योग्यतेचा आहे. सुतार माप घेतो आहे, कानशीने हाड घासतो आहे, धुळीने शिंकतो आहे. एहॅब त्याला सांगतो, की गेलेला पाय अजून जाणवतो. डोळ्यांना एकच पाय दिसतो, पण आत्म्याला दोन आहेत. छेदलेल्या अवयवाच्या या छायेला अमेरिकी वैद्य सायलस वेअर मिचेल याने ‘फँटम लिम्ब’ असे नाव दिले ते १८७१ मध्ये. मेल्व्हिलचे हे वर्णन त्यापूर्वी वीस वर्षांचे आहे. याच ओघात एहॅब पन्नास फूट उंचीच्या, हृदय नसलेल्या परिपूर्ण माणसाची मागणी नोंदवतो. कृत्रिम अवयवाविषयीची आजची सारी अतिमानवी स्वप्ने या उपरोधात आधीच आलेली आहेत. परंतु दृश्याचा खरा मर्मबिंदू पुढे आहे. देवांशी बरोबरी करू पाहणाऱ्या या माणसाला उभे राहण्यासाठी एका ठोकळ्यासारख्या सुताराचे ऋणी राहावे लागते, आणि माणसामाणसांतील या परस्परऋणाला तो शाप देतो.

एहॅबची शोकांतिका येथे आहे. पाय गमावणे हे तिचे कारण नव्हे. पाय करून देणाऱ्याचे ऋण न सोसणे हे आहे. मेल्व्हिलने याचा पडताळाही दिला आहे. ‘सॅम्युएल एन्डर्बी’ या जहाजाचा कप्तान बूमर याचा हात त्याच देवमाशाने नेला आहे. त्यालाही हाडाचा हात बसविला आहे. आणि तो त्या देवमाशाच्या वाटेला पुन्हा जाण्याचा विचारही करीत नाही. अपंगत्व तेच, द्रव्य तेच, शत्रू तोच. कथा मात्र निराळी. ‘व्यंगामुळे सूड’ हे समीकरण लेखकाने स्वतःच मोडून ठेवले आहे. पाठलागाच्या दुसऱ्या दिवशी एहॅबचा पाय तुटतो, तेव्हा तो स्टारबकच्या खांद्यावर रेलून उभा असतो. माणसाच्या खांद्याचा आधार त्या क्षणी त्याला गोड वाटतो, तरी तो तो स्वीकारीत नाही. सुतार मग फुटलेल्या होडीच्या तळवाशातून आणखी एक पाय करून देतो. याच सुताराने शवपेटीचा जीवरक्षक तरंडा केला आहे, आणि त्यावर तरंगत इश्माएल वाचतो. म्हणजे जिच्यामुळे ही कथा सांगणारा उरला ती वस्तूही त्या दुर्लक्षित कारागिराच्या हातची. ‘कोणी केला?’ हा प्रश्न विचारताच कादंबरीचा गुरुत्वमध्य किंचित सरकतो.

३

फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’त (१८५७) कृत्रिम पाय मोजक्याच ठिकाणी येतो, पण तेवढ्यात तो संपूर्ण कादंबरीचा जमाखर्च मांडतो. खाणावळीतील तबेल्याचा नोकर इपोलीत याचे एक पाऊल जन्मतः वाकडे आहे. फ्लोबेर आवर्जून सांगतो, की त्या पायावर तो हरणासारखा पळत असे आणि जड कामाच्या वेळी भार देण्यासाठी तोच पाय पुढे करीत असे. उणीव त्याच्या अनुभवात नाही. ती औषधविक्या ओमेच्या प्रगतिवादात आणि एम्माच्या महत्त्वाकांक्षेत आहे. नवी शस्त्रक्रिया गावात व्हावी, नवऱ्याचे नाव व्हावे, यासाठी तो पाय सदोष ठरतो. शार्ल स्नायुबंध कापतो आणि सुतार व कुलूपवाला यांच्याकडून करून घेतलेल्या सुमारे ८ पौंड वजनाच्या पेटीत पाय अडकवतो. परिणाम दिसण्यापूर्वीच ओमेने वृत्तपत्रासाठी यशाचा वृत्तान्त लिहून ठेवलेला असतो. पाय सडतो, आणि बाहेरून आलेला डॉक्टर मांडीपासून तो कापून टाकतो.

मिचेल-स्नायडर यांच्या सिद्धान्ताला येथे एक महत्त्वाची पुरवणी जोडावी लागते. व्यंग आधी आणि त्याची कथा नंतर, असा क्रम त्यांनी गृहीत धरला आहे. फ्लोबेरकडे कथा आधी आहे. प्रगतीची, कीर्तीची, वृत्तपत्रातील यशाची ती कथा आहे. आणि ती पुरी व्हावी म्हणून धडधाकट चालणाऱ्या माणसाला अपंग केले जाते.

त्यानंतर येतो पायाचा हिशेब. एम्मा ३०० फ्रँक खर्चून इपोलीतला लाकडी पाय भेट देते. त्याला वरच्या बाजूस बुचाचे अस्तर आहे, सांध्यांना कमानी आहेत, आणि ते सारे यंत्र काळ्या विजारीत झाकून खाली चकचकीत बूट चढविलेला आहे. इतका देखणा पाय रोज वापरण्याचे धैर्य इपोलीतला होत नाही. तो आणखी एक साधा पाय मागून घेतो. एकाच स्थानीला दोन आदेश होतात: एक देणाऱ्याच्या अपराधभावनेच्या मापाचा, दुसरा घेणाऱ्याच्या कामाच्या मापाचा. साध्या पायाने तो पुन्हा तबेल्यात रुजू होतो, आणि फरसबंदीवर त्या पायाची टकटक दुरून ऐकू आली की शार्ल वाट बदलतो. जो डॉक्टर शरीराची भाषा वाचू शकला नाही, त्याला लाकडाची भाषा मात्र अचूक कळते.

या भेटवस्तूची मागणी नोंदविण्याचे काम सावकारी वृत्तीचा व्यापारी लरो अंगावर घेतो आणि त्या निमित्ताने त्याचे एम्माकडे येणे-जाणे वाढते. पुढे ज्या कर्जात ती बुडते आणि सोमल खाते, त्या कर्जाचा उंबरठा या लाकडी पायाने ओलांडला आहे. कादंबरीत सर्वत्र जे घडते, म्हणजे खऱ्याच्या जागी सुशोभित वस्तू आणून ठेवणे आणि तिचे पैसे पुढे ढकलणे, त्याचे हे सर्वांत ठोस उदाहरण होय. आणि शेवटी एम्माच्या अंत्यविधीच्या वेळी चर्चच्या दगडी फरशीवर ठरावीक तालाचा तोच कोरडा आवाज ऐकू येतो. इपोलीत येऊन कष्टाने गुडघे टेकतो. त्याने तो चांगला पाय घातलेला असतो. फ्लोबेर यावर एक शब्दही भाष्य करीत नाही. या कृतीत क्षमा आहे, आदर आहे, की सणावारी चांगले वस्त्र नेसावे तेवढीच साधी रीत आहे, हे ठरविण्याचा अधिकार तो वाचकाला देत नाही. ज्याच्या देहावर सर्वांनी आपापले अर्थ लादले, त्याच्या एका कृतीचा अर्थ त्याच्यापाशीच राहू दिला आहे.

४

तिसरा प्रश्न काढण्याच्या अधिकाराचा. फ्लॅनरी ओकॉनर हिची ‘गुड कंट्री पीपल’ (१९५५) ही कथा संपूर्णपणे याच प्रश्नावर उभी आहे. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळविलेली, नास्तिक, बत्तीस वर्षांची हल्गा; लहानपणी शिकारीतील अपघातात तिचा पाय गेलेला. बायबल विकणारा एक तरुण तिच्या लाकडी पायाचा सांधा पाहू मागतो, मग तो काढण्या-घालण्याची रीत शिकून घेतो, आणि शेवटी तो पाय पेटीत घालून तिला माळ्यावर तशीच टाकून निघून जातो. जाता जाता तो सांगतो, की याच मार्गाने त्याने एका बाईचा काचेचा डोळाही मिळविला आहे.

या कथेचे वाचन बहुधा धार्मिक रूपकाच्या अंगाने होते: लाकडी पाय म्हणजे हल्गाचा लाकडी आत्मा, चोरी म्हणजे अहंकारनिरास आणि कृपेची पूर्वतयारी. लेखिकेची श्रद्धा पाहता हे वाचन अप्रस्तुत नाही. परंतु त्यात एक निष्ठुरपणा लपलेला आहे. हल्गाला जमिनीवर उतरण्यासाठी शिडी आहे आणि पाय नाही, ही वस्तुस्थिती त्या वाचनात विरघळून जाते. आदेश स्थानीसारखा मानावा, हा नियम येथे कसोटीला लागतो. पाय लाकडाचा असला तरी तो तिचा देह आहे काय? चोराच्या दृष्टीने ती वस्तू आहे, म्हणून ती नेता येते. हल्गाच्या दृष्टीने तो देहाहूनही आतला आहे. तो कोणी पाहू नये यासाठी ती आत्म्यासारखा जपत आलेली आहे. समीक्षक जेव्हा त्या पायाचे ‘आत्मा’ असे भाषांतर करून पुढे जातो, तेव्हा तोही पाय पेटीत घालूनच निघालेला असतो. ओकॉनरची थोरवी अशी, की तिच्या कथेने ही शक्यता वाचकासाठी खुली ठेवली आणि तिच्यात सापडणाऱ्याला संकोचही वाटावा अशी व्यवस्था केली.

५

रूपकाने वस्तू पळवावी याचे एक बोलके उदाहरण सिद्धान्ताच्याच इतिहासात आहे. फ्रॉइडने १९३० मध्ये आधुनिक मानवाला ‘कृत्रिम अवयव ल्यालेला देव’ म्हटले, आणि ही प्रतिमा संस्कृतिसमीक्षेत वारंवार उद्धृत झाली. त्याच फ्रॉइडच्या तोंडात १९२३ च्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर टाळूच्या जागी एक कृत्रिम साधन होते. ते दुखत असे, बोलणे कठीण करीत असे, वारंवार बदलावे लागे. हे अवयव अंगभूत झालेले नाहीत आणि ते अधूनमधून त्रास देतात, असे तो लगेच पुढे लिहितो. उद्धृत करणाऱ्यांनी देव उचलला. त्रास मागे राहिला.

भारतीय परंपरेत कृत्रिम पायाचा उल्लेख थेट ऋग्वेदात आहे. पहिल्या मंडलातील अश्विनौसूक्तात रात्रीच्या संग्रामात विश्पलेचा पाय पक्ष्याच्या पंखासारखा तुटल्याचे आणि तिला पुन्हा धावता यावे म्हणून अश्विनांनी तत्काळ धातूचा पाय बसविल्याचे वर्णन येते. विश्पला ही स्त्री की शर्यतीची घोडी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु सूक्ताची रचना पाहिली असता एक गोष्ट निर्विवाद आहे: हे अश्विनांचे स्तोत्र आहे. पाय कोणी दिला हे कळते. तो घालून ती कशी धावली हे कळत नाही. घेणारीचा शब्द नाही. दात्याच्या स्तुतीसाठी घेणाऱ्याचा देह साक्षीला उभा करण्याची ही रीत तेथपासून आजच्या कृत्रिम अवयववाटप शिबिरांच्या वृत्तान्तांपर्यंत अखंड दिसते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण म्हणून जयपूर फूटकडे पाहता येईल. पुण्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळी, १९४४ मध्ये, सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले होते. तरी सर्वसामान्य भारतीयाला सहज उपलब्ध असलेला नमुना पाश्चात्त्यच होता. त्या पावलाला बूट लागे. त्याने उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलातून अनवाणी चालता येत नसे. तो पाय एका खुर्चीवर बसणाऱ्या, बूट घालणाऱ्या संस्कृतीच्या स्थानीचा आदेश होता. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे शल्यविशारद यांनी १९६८ च्या सुमारास रबराचे जे पाऊल घडविले, त्यात ‘पाय’ या शब्दाचीच नवी व्याख्या होती. पाय म्हणजे केवळ चालणे नव्हे. शेतात उकिडवे बसणे, देवळात अनवाणी शिरणे, पंगतीला मांडी घालणे हीही पायाचीच कार्ये होत. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कारागिराचे नाव मात्र आजही बहुधा दुसऱ्या क्रमांकाने घेतले जाते. मेल्व्हिलच्या सुताराची येथे आठवण व्हावी. सुधा चंद्रन यांची प्रमुख भूमिका असलेल्या ‘मयूरी’ (१९८५) या तेलुगू चित्रपटाचे कथानक जिद्दीच्या परिचित साच्यातले आहे. परंतु पडद्यावर नाचणारे पाऊल अभिनीत नाही, ते खरोखरच जयपूरचे आहे. साचा कितीही सुबक असो, त्या पावलाचा ठेका त्यात पुरता मावत नाही.

मराठीपुरते बोलायचे तर हा प्रश्न दूरचा नाही. ‘कुबड्यांवरचे सरकार’, ‘पंगू युक्तिवाद’, ‘आंधळे अनुकरण’ हे समीक्षेचे आणि संपादकीयांचे नित्याचे शब्दप्रयोग आहेत. कुबडी येथे लाचारीची खूण आहे. ती वापरणाऱ्याच्या लेखी मात्र ती स्वतःच्या पायाने बाजारात जाण्याचे साधन आहे. २०१५ नंतर सरकारी व्यवहारात ‘अपंग’ या शब्दाच्या जागी ‘दिव्यांग’ हा शब्द आला. हाही एक आदेशच. आणि स्थानिवद्भावाचा नियम त्यालाही लागू पडतो. नवा शब्द जुन्या शब्दाची सर्व कार्ये करू लागतो, उपेक्षेसकट. वर दिव्यत्वाचे चकचकीत बूट चढविले म्हणून घेणाऱ्याला तो रोज वापरता येतोच असे नाही.

आगम की आदेश, या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येणार नाही, कारण ते पाय वापरणाऱ्यावर अवलंबून आहे. एहॅबला जो अखेरपर्यंत आदेशच राहिला, तो बूमरला आगम होऊ शकला. इपोलीतच्या दोन पायांपैकी एक कोणता केव्हा घालावा, हे त्याने स्वतः ठरविले. साहित्यसमीक्षेला यातून घेण्याजोगी शिस्त लहानशी, पण कठोर आहे. कृतीत लाकडी पाय दिसला की तो ‘कशाचे प्रतीक’ हे विचारण्यापूर्वी तो कोणी केला, पैसे कोणी दिले आणि तो कोण काढू शकतो, हे विचारावे. प्रतीकाचा अर्थ त्यानंतरही उरतो, आणि तो तेव्हा स्वतःच्या भाराने उभा असतो.